पिनूकाकांचा ठोका

आबा भिंतीला कान लावून उभे होते. थेट कान नव्हे, मधे स्टीलचा पेला होता. पेल्याचं तोंड भिंतीला, बूड कानाला, डोळे मिटलेले आणि अंगात तो लाल कोट. मी पातेलं पुसत स्वयंपाकघरातून आले ती दारातच थांबले.

"आबा, काय चाललंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. भिंतीपलीकडून एक लांबलचक सूर आला, वर चढला, घसरगुंडीवरून आल्यासारखा खाली उतरला आणि थांबला.

"ह्यो गडी ठोका चुकवतोय," आबा म्हणाले.

"कोण?"

"पलीकडचा. सूर ग्वाड हाय. दम तर असा, की आमच्यात चार माणसं मिळून पुरं पडायची न्हाईत. पण ठोक्यावर येतच न्हाई. दर टायमाला मागनं येतोय. आल्यापासनं ऐकतोय मी."

"ते पिनॉक आहेत आबा. बस चालवतात."

"बस तरी कशी चालवतो मग? ष्टॉपच्या फुडं जाऊन थांबत आसंल."

हे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतलं, एकोणीसशे सत्त्याहत्तर सालचं. मला सातवा महिना होता. माझी आई आधीच गेलेली, म्हणून बाळंतपणाला बाप आला. कराडहून विमानात बसून लेकीच्या बाळंतपणाला गेलेला हा पहिलाच बाप असावा. येताना त्यांनी डिंकाचे लाडू आणले. ते विमानतळावरच्या साहेबाने एकेक फोडून बघितले, त्यामुळे आमच्याकडे आला तो डिंकाचा भुगा. आणि थंडीसाठी म्हणून, त्यांच्याकडे जो एकमेव गरम कपडा होता तो आणला. तो म्हणजे हा कोट. लाल बनातीचं कापड, सोनेरी गोंडे, खांद्यावर झालर, दोन ओळींत पितळी बटणं आणि छातीवर जरीत काढलेलं 'श्री अंबिका ब्रास बँड, कराड'.

आबा म्हणजे जावीर बँडमास्टर. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, निवडून आलेला झेडपी मेंबर, सगळ्यांच्या पुढे हाच कोट चालायचा. तोंडाला कॉर्नेट असायचं. पण पुढचे दात गेले आणि कॉर्नेट गेलं. कवळी घालून फुंकून बघितलं, तर कवळी नवरदेवाच्या घोड्यापुढे जाऊन पडली. मग भाच्याने बँड हातात घेतला, लाउडस्पीकरची गाडी आणली आणि मामाला घरी बसवलं. माझ्याकडे आले तेव्हा आबा फार बोलत नव्हते. खिडकीत बसायचे आणि बोटं मांडीवर हलायची.

कोटाने मात्र आल्या दिवसापासून धमाल उडवली. कॉव्हेंट्रीच्या स्टेशनवर एका गोऱ्या म्हातारीने आपली बॅग त्यांच्या हातात दिली आणि पुढे चालायला लागली. आबांनी ती निमूट टॅक्सीपर्यंत नेली. पाव्हण्यांच्या देशात कोण काय सांगेल ते करायचं, असं ते ठरवूनच आले होते. म्हातारीने त्यांच्या हातावर नाणं ठेवलं. आमच्या ह्यांनी ते बघितलं आणि घरी आल्यावर कोट जिन्याखालच्या कपाटात टाकून वर इस्त्रीचं टेबल लावलं.

आमचे हे म्हणजे यशवंत लोखंडे, मोटारीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट. लोखंडे हे आडनाव मोठं सोयीचं, त्यात कोणीही मावतो. म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं आडनाव ऐकून झालं की गाव विचारायची. गाव झालं की गल्ली. गल्ली झाली की "आणि सासरे काय करतात?" साता समुद्रापलीकडे, कडाक्याच्या थंडीत, हातात चहाचा कागदी पेला धरून ही चौकशी चालायची. हे पहिल्या दोन प्रश्नांना पुरून उरले. तिसऱ्याला म्हणाले, "संगीतक्षेत्रात आहेत."

प्रश्न विचारणारे होते भडकमकर. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, संस्थापक आणि चपलांची व्यवस्था पाहणारेही तेच. पुण्याचे. संगीतक्षेत्र म्हटल्यावर त्यांच्या मनात तंबोरा उभा राहिला, तंबोऱ्याशेजारी घराणं उभं राहिलं. आठवडाभरात गणपतीच्या कार्यक्रमाचा कागद घरोघरी आला. आरतीनंतर: ज्येष्ठ गायक जावीरबुवा यांचे शास्त्रीय गायन.

मी कागद आबांना वाचून दाखवला.

"ह्यो जावीरबुवा कोण?" आबांनी विचारलं.

"तुम्ही."

आबांनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "मालन, मला अंगाईबी म्हणता येत न्हाई. तुझी आई म्हणायची, नगा म्हणू, पोरगी उठंल."

हे म्हणाले, "मामा, मी सगळं ठरवलंय. तुमचा घसा बसलाय. आजपासून मफलर गुंडाळायचा. त्या दिवशी मी असा टायला हात लावला, की तुम्ही खोकायचं. बाकी एक अक्षर बोलू नका. तुम्ही काय आहात हे कळलं, तर आम्हाला इथे राहायचंय मामा. उद्या मूल होईल, त्याला घेऊन मला याच लोकांत जायचंय."

आबांनी मान हलवली. "बरं जावईबापू."

त्या 'बरं'ला पोटातलं मूल हललं. ज्या माणसाच्या एका हाताच्या इशाऱ्यावर वीस माणसं श्वास घ्यायची आणि सोडायची, तो आमच्या बैठकीत बसून खोकायची तालीम करत होता. हे टायला हात लावायचे, आबा खोकायचे. "जरा लवकर होतंय मामा. माझा हात पोचू द्या." आणि मला मनातून एकच वाटत होतं: हा माणूस इथून मान खाली घालून परत जाणार. कराडात भाच्याने घालायला लावली, इथे आम्ही.

पण ठोका चुकलेला त्यांना सहन होत नव्हता. एके सकाळी हे कारखान्यात गेल्यावर आबांनी इस्त्रीचं टेबल सरकवलं, कोट काढला, बटणं लावली आणि मला म्हणाले, "चल. त्येला सांगून येऊ."

"काय सांगून येऊ?"

"चुकतोय म्हणून. कुणीतरी सांगाय पायजे का न्हाई? आयुष्य असंच जाईल बिचाऱ्याचं."

म्हणून सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी, दुभाषी म्हणून, एका जमैकन माणसाच्या दारात उभी राहिले, त्याला ताल येत नाही हे कळवायला.

पिनॉकनी दार उघडलं. उंच, पिकलेले केस, अंगात बसवाल्यांचा गणवेश, पायात सपाता. आमच्या भिंती एकमेकींना लागून होत्या, पण तोपर्यंत आमचं बोलणं 'आज गार आहे' आणि 'आजही गार आहे' यापलीकडे गेलं नव्हतं. मंडळातले लोक तर त्यांच्याविषयी, गोऱ्यांनी आपल्याला काय म्हटलं याच्या तक्रारी करून झाल्या की, बरोबर त्याच शब्दांत बोलायचे.

त्यांनी मला बघितलं, मग आबांकडे बघितलं, मग कोटाकडे. आणि त्यांच्या सपाता एकमेकींना चिकटल्या, पाठ ताठ झाली.

"बँडमास्टर," ते म्हणाले.

एवढा एक इंग्रजी शब्द आबांना येत होता. इंग्लंडमध्ये उतरल्यापासून त्यांना कोणी काही समजलं नव्हतं, हमाल आणि बुवा सोडून. माझ्या डोळ्यांदेखत ते दोन बोटं उंच झाले.

आत एका खुर्चीवर ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, ठेवलेला होता, पाहुण्याला बसवावं तसा. पिनॉक एका अनाथ मुलांच्या शाळेत वाढलेले. तिथल्या बँडमास्तरांचा कोट असाच होता, आणि त्यांच्या हातात छडी असायची. तिथे शिकले, मोठे झाल्यावर नाचाच्या बँडमध्ये वाजवलं, बोटीत बसून इंग्लंडला आले. इथेही काही वर्षं शनिवारी-रविवारी हॉलमध्ये वाजवलं. पुढे हॉलवाल्यांनी बँडच्या जागी रेकॉर्डी आणल्या. मग बस.

मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "ह्येला रेकॉर्डीनं बशिवला, मला लाउडस्पीकरनं. त्येला सांग, दात हायेत तुझे, नशीब समज."

पिनॉक हसले. त्यांना आबांची वाक्यं भाषांतराच्या आधीच पोचायची.

मग धडा सुरू झाला. आबांनी टाळी वाजवली. "हितं. हितं यायचं. एक... एक... एक..." नवशिक्या पोरांना शिकवायला ते नेहमी गणपतीच्या आरतीची चाल वापरायचे. ती त्यांनी नाकातून गुणगुणायला घेतली आणि टाळी चालू ठेवली. पिनॉकनी डोकं वाकवून ऐकलं, आणि टाळी वाजवली. आबांच्या दोन टाळ्यांच्या बरोबर मधे.

"न्हाई. हितं."

पुन्हा मधे.

"मालन, त्येला सांग, मी वाजवतो तिथंच वाजव."

मी सांगितलं. पिनॉकनी नम्रपणे विचार केला आणि म्हणाले, "पण तिथे तर बँडमास्टर आधीच उभे आहेत. मी कशाला त्यांच्या पायावर पाय देऊ?"

मी ते मराठीत सांगितलं. आबांनी मान डोलावली.

"उत्तर चांगलं देतो," ते म्हणाले, "पण चुकतोय."

यानंतर ते रोज चुकायला लागले. पिनॉकची पाळी संपली की आबा कोट घालून शेजारी. मधे मला बोलावणंही बंद झालं. भिंतीतून मला आरतीची चाल ऐकू यायची, ट्रॉम्बोनवर, आणि प्रत्येक कडव्यानंतर आबांचा आवाज: "मागनं आलास. परत." आबा त्यांना 'पिनू' म्हणायचे. हे घरी यायच्या आत कोट कपाटात आणि मफलर गळ्यात. जेवताना आबा मन लावून खोकायचे.

गणपती बसला तो पिनॉकच्या चर्चच्या हॉलमध्ये. इंग्लंडमध्ये आमचा गणपती दरवर्षी तिथेच बसायचा, कारण भाडं कमी होतं. चर्चची अट एकच: आत जाळ पेटवणार असाल तर आमचा एक माणूस वाळूची बादली घेऊन हजर राहील. तो माणूस म्हणजे पिनॉक. दरवर्षी ते शेवटच्या रांगेत बादली मांडीवर घेऊन बसायचे. मंडळातल्या कोणी त्यांना कधी प्रसाद दिला होता की नाही, मला आठवत नाही. बादलीला मात्र एकदा चुकून हळदकुंकू लागलं होतं.

आरती टेपवर असायची. भडकमकरांना आरतीचे शब्द सगळे पाठ होते, पण सूर त्यांच्या वाटेला गेला नव्हता, आणि इतरांना पहिलं कडवं झालं की नुसतं तोंड हलवता यायचं. म्हणून भडकमकरांच्या चुलतभावांनी पुण्याहून आरती म्हणून पाठवलेली. ती त्यांनी घरात रेकॉर्ड केली होती, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होती. शिट्टी झाली की ते चुलतभाऊ थांबायचे, कोणीतरी गॅस बारीक केला की पुढे जायचे. इतकी वर्षं ती टेप ऐकून ऐकून आमचं अख्खं मंडळ त्या जागी हात जोडून थांबायला लागलं होतं. काही जण डोळेही मिटायचे.

त्या दिवशी हॉल गार होता. आबा पहिल्या रांगेत, ह्यांच्या सुटात बसलेले. सूट एवढा ढगळ की आबा आत कुठेतरी असावेत एवढंच कळत होतं. गळ्यात मफलर. सकाळपासून भडकमकर खडीसाखर, ज्येष्ठमध, मधातली सुंठ असं एकेक आणून देत होते. "बुवा, घसा मोकळा व्हायलाच हवा. लोक फार आशेनं आलेत." इतके उपाय झाल्यावर आबांचा घसा जन्मात नव्हता इतका मोकळा झाला होता. मी बायकांच्या बाजूला बसले होते. पायाशी पिशवी होती. पिशवीत कोट होता. ह्यांना सांगितलं नव्हतं. थंडी वाजली तर, एवढंच मनात होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आरती सुरू झाली. भडकमकरांच्या हातात तबक, तबकात पेटता कापूर. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी टेपने अंग टाकलं. पुण्याच्या चुलतभावांचे आवाज एकदम खाली गेले, आरती राक्षस म्हणतायत असं वाटायला लागलं, मग चिरडल्यासारखं काहीतरी झालं. भडकमकर एका हातात तबक तसंच धरून दुसऱ्या हाताने टेपरेकॉर्डरला थापट्या मारायला गेले. तबक कललं. कापूर मखराच्या कागदी झिरमिळ्यांवर पडला आणि भडका उडाला.

शेवटच्या रांगेतून पिनॉक धावले. इतकी वर्षं ते याच क्षणासाठी बसले होते. त्यांनी बादली दोन्ही हातांनी मागे नेली आणि अख्खी सोडली. जाळ विझला. मोदकही विझले. भडकमकरांच्या रेशमी सोवळ्यातून वाळू गळायला लागली आणि गणपतीच्या सोंडेवर एक छोटी टेकडी तयार झाली.

आरती अर्धी राहिलेली. पिनॉक रिकामी बादली घेऊन उभे होते. त्यांनी मखराकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि सगळ्या हॉलमध्ये ज्याची माफी मागावी असं त्यांना वाटलं त्याच्याकडे वळले. टाचा जुळवल्या.

"माफ करा, बँडमास्टर," ते म्हणाले. "कार्यक्रम बिघडवला मी तुमचा."

हॉलमध्ये सगळ्यांना इंग्रजी येत होतं.

"बँडमास्टर?" भडकमकर म्हणाले.

आमचे हे उभे राहिले. "ते... जमैकामध्ये गवयाला आदराने तसं म्हणतात," आणि घाबरून त्यांचा हात टायकडे गेला. आबा लगेच खोकले. सांगितलं होतं तसं, व्यवस्थित.

"लोखंडे," भडकमकर वाळू झटकत म्हणाले, "हे बँडवाले आहेत? वरातीतले? आणि मी छापून बुवा म्हटलं?"

ह्यांचा हात टायवरून निघेना. आबा खोकत राहिले. तो खोकला मला ऐकवेना. मी उठले. उठायला जरा वेळ लागला, शेजारच्या बाईचा खांदा धरावा लागला.

"हो," मी म्हणाले. "वरातीतले. कराडच्या अंबिका बँडचे मास्तर आहेत. माझे वडील. आबा, पुरे आता खोकणं. थंडी वाजतेय ना? हा घाला."

मी कोट पुढे धरला. त्या हॉलमध्ये तो लाल रंग असा दिसला की पुढच्या रांगेतल्या दोघांनी पाय आखडून घेतले.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. जावयाकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मग ह्यांचा ढगळ सूट उतरवला, कोटाच्या एका बाहीत हात घातला आणि दुसरा हात मागे नेऊन तसेच थांबले. कराडात दुसरी बाही धरायला नेहमी एक माणूस असायचा. हात हवेत बाही शोधत होता. कोणी हलेना.

आणि मग हे पुढे गेले. टाय सोडला आणि बाही धरली. खांद्यावरची झालरसुद्धा सारखी केली. ह्यांच्याकडून मला आयुष्यात दागिना एकच मिळाला असं मी म्हणते, तो हा.

आबांनी बटणं लावली, मफलर काढला, गणपतीपुढे जाऊन सोंडेवरची वाळू फुंकरीने उडवली. दम अजून होता. मग वळून म्हणाले, "भडकमकर, आरती अर्धी ठिवू नये. शब्द येत्यात तुम्हास्नी?"

"सगळे येतात."

"आन् सूर?"

भडकमकरांनी आजूबाजूला बघितलं. खोटं बोलायला जागा नव्हती, हॉलमधल्या सगळ्यांनी त्यांना ऐकलेलं होतं. "सूर नाही येत हो," ते म्हणाले. "म्हणून तर टेप."

"सूर त्येच्याकडं हाय. पिनू, काढ."

पिनॉकनी रिकामी बादली आमच्या ह्यांच्या हातात दिली आणि बाकाखालून ट्रॉम्बोनची पेटी ओढली. जेवणाच्या सुट्टीत डेपोत वाजवायचे आणि पाळीवरून थेट यायचे, म्हणून वाद्य बरोबरच असायचं. ते आबांच्या शेजारी उभे राहिले, नळी पूर्ण बाहेर काढून पहिला सूर लावला, आणि नळीच्या टोकाने भडकमकरांची टोपी उडाली. भडकमकरांनी ती उचलली नाही. डोळे मिटून, बेंबीच्या देठापासून, स्वतःच्या मालकीच्या कुठल्याशा सुरात शब्द म्हणायला लागले. ट्रॉम्बोनने तो आवाज पोटात घेतला. आबांनी टाळी धरली.

आणि पिनॉकचा पाय पडायला लागला. लाकडी जमिनीवर, बसवाल्याचा जाड बूट. आबांच्या दोन टाळ्यांच्या बरोबर मधे.

आम्ही बायका आबांसमोर होतो, आम्ही आबांबरोबर टाळी धरली. पुरुष पिनॉकच्या बाजूला होते. त्यांना तो बूट सोडवेना, त्यांची टाळी बुटाबरोबर पडायला लागली. आबांनी मान वर केली. मला वाटलं, आता थांबवणार, सगळ्या हॉलला म्हणणार, मागनं आलात, परत. त्यांचा हात वर गेलाही. तसाच थोडा वेळ राहिला. मग तो हात पुरुषांकडे वळला आणि त्यांनी बोटं आत ओढली. मास्तर असं करतात तेव्हा त्याचा अर्थ असतो: या, जरा मोठ्यानं.

एकच घोटाळा झाला. दुसऱ्या कडव्यात कुकरच्या जागी सगळं मंडळ सवयीने हात जोडून थांबलं. भडकमकरही थांबले. आबा गोंधळले, त्यांना हे माहीत नव्हतं. पण पिनॉक इतकी वर्षं शेवटच्या रांगेत बसून ती आरती ऐकत आले होते. त्यांनी गाल फुगवले आणि ट्रॉम्बोनवर कुकरची शिट्टी वाजवली. हुबेहूब, शेवटी वाफ सुटते तिच्यासकट. भडकमकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी आल्यासारखं वाटलं," ते नंतर म्हणाले.

त्या संध्याकाळी शास्त्रीय गायन झालं नाही. कोणी विचारलंही नाही. वाळूचे मोदक मात्र भडकमकरांनी पिनॉकना पहिले दिले आणि त्यांनी ते तक्रार न करता खाल्ले. पुढच्या गणपतीपर्यंत त्यांची समजूत होती की मोदक दातांखाली कचकचतातच.

ऑक्टोबरात मला मुलगी झाली. थंडी वाढायच्या आत आबा परत गेले. निघताना कोट भिंतीपलीकडे देऊन गेले. "मला तिथं काय करायचाय? भाच्यानं नवे शिवल्यात. पण त्येला सांग, चुकतोय तो अजून." पुन्हा काही ते आले नाहीत. कॅसेटी यायच्या-जायच्या. इकडून ट्रॉम्बोन जायचा, तिकडून फक्त टाळी यायची, एक पूर्ण बाजू. ती लावून पिनॉक मधल्या जागांत वाजवायचे. भिंतीतून मला दोघं ऐकू यायचे. आबा गेल्याची तार आली त्याच्यानंतरही ऐकू यायचे.

कोट आखूड बाह्यांसकट पिनॉकनी दर गणपतीला घातला, आणि हळूहळू आम्हा बायकांची टाळीही त्यांच्या बुटावर पडायला लागली. आबांच्या तोंडचं नाव मंडळातल्या पोरांनी उचललं आणि त्याला काका जोडलं. काही पोरांना मोठी होईपर्यंत वाटायचं, पिनूकाका कराडचेच. पिनॉक गेल्यावर त्यांना त्यांच्या चर्चने त्याच कोटात पुरलं. पाद्र्याने भाषणात सांगितलं की भारताने त्यांना हा सर्वोच्च मान दिला होता. आमच्यातलं कोणी काही बोललं नाही. भडकमकर तेव्हा चाकाच्या खुर्चीत होते. ते म्हणाले, "बरोबरच आहे."

परवाच्या गणपतीत मी आणि माझी मुलगी पुण्यात होतो, ह्यांच्या पुतण्याकडे. मोठी सोसायटी, खाली मांडव, स्पीकरवर आरती, पन्नास माणसं एका ठोक्यावर टाळ्या वाजवणारी. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. आमच्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ दोनदा मागे वळून बघून गेले. तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"काकू, रागावू नका, पण तुम्हा दोघींची टाळी चुकतेय. ठोका इथे आहे." त्यांनी वाजवून दाखवला.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी टाळी थांबवली नाही.

"अहो, तिथे तुम्ही आधीच उभे आहात," मी म्हणाले. "आम्ही कशाला तुमच्या पायावर पाय देऊ?"